सीआय हिरवं, पण वापरणाऱ्याकडे फुटतंय: पायथन पॅकेजच्या सुसंगतता-चाचण्या

लक्षण ओळखीचं आहे. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, मुख्य शाखेवर सगळे जॉब हिरवे, रिलीज झालं, आणि दोन दिवसांत तक्रार आली की इम्पोर्ट करतानाच एरर येतेय. कधी पायथन ३.१२ वर 'डिस्टयुटिल्स' मॉड्यूल सापडत नाही, कधी जुन्या नमपायमध्ये (आकडेमोडीची लायब्ररी) एखादं फंक्शनच नसतं, कधी विंडोजवर फाइल वाचताना युनिकोड डीकोड एरर. तेवढी ओळ दुरुस्त होते, पॅच रिलीज निघतं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच जागी तेच. एरर दर वेळी वेगळी असल्यामुळे हे सुटेसुटे बग वाटतात. पण मूळ एकच आहे. पॅकेजच्या मेटाडेटात एक पट्टा जाहीर केलेला असतो, समजा पायथन ३.१० पासून पुढे आणि नमपाय १.२३ पासून पुढे. सीआय त्या पट्ट्यातला एकच बिंदू तपासतं: त्या दिवशी पिपला (पॅकेज बसवणारं साधन) जे सर्वांत नवं मिळालं ते.

पुढचं सगळं गिटहब ॲक्शन्स (गिटहबचं सीआय), पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) आणि पिप किंवा यूव्ही (पिपसारखंच दुसरं साधन) वापरणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. सीआय दुसरं असेल तर सेटिंगची नावं बदलतील, चुका बहुतेक याच सापडतील.

आधी असलेले जॉब खरं बोलतात का ते बघा

नवे जॉब लावायची घाई करू नका. ज्या मॅट्रिक्सवर (पायथन, ओएस वगैरेंच्या वेगवेगळ्या जुळण्यांचे जॉब) भरवसा आहे तेच पोकळ असण्याची शक्यता बरीच असते.

यामलमधली, म्हणजे सीआयच्या सेटिंग-फाइलमधली, चूक सर्वांत प्रसिद्ध आहे. आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली की यामल तिला दशांश संख्या समजतं, ३.१० चं ३.१ होतं आणि रनर (जॉब चालवणारं मशीन) पायथन ३.१ शोधायला जातो. तो मिळत नाही, जॉब लगेच लाल होतो. ही चूक निदान बोंब तरी मारते. सगळ्या आवृत्त्या अवतरणात टाका, ३.९ आणि ३.११ सुद्धा. त्या आज चालतात म्हणून उघड्या ठेवल्या, तर पुढे कोणीतरी त्यांच्याकडे बघून तसंच लिहितं.

गप्प बसणारी चूक जास्त वाईट. रेपोच्या मुळाशी 'डॉट पायथन-व्हर्जन' फाइल आहे आणि तिच्यात ३.१३ लिहिलंय, असं समजा. मॅट्रिक्समधल्या प्रत्येक जॉबने सेटअप-पायथनने आपापली आवृत्ती बसवली, पण टेस्ट 'यूव्ही रन' ने चालवल्या. यूव्ही ती फाइल वाचतं, गरज पडली तर ३.१३ स्वतः उतरवून घेतं आणि पाचही जॉब ३.१३ वर चालतात. नावं ३.१० ते ३.१४, प्रत्यक्षात एकच पायथन, सगळं हिरवं. उपाय म्हणजे 'यूव्ही_पायथन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जॉबच्या पातळीवर मॅट्रिक्समधून भरायचं, किंवा प्रत्येक आदेशात आवृत्ती स्पष्ट द्यायची.

पण उपायावरही विसंबू नका. टेस्टच्या आधी एक पायरी घाला: ज्या इंटरप्रिटरने टेस्ट धावणार, त्याच इंटरप्रिटरने स्वतःची मेजर आणि मायनर आवृत्ती मॅट्रिक्समधल्या मूल्याशी ताडायची, जुळली नाही तर एक्झिट कोड १. त्याच पायरीत मुख्य डिपेन्डन्सींच्या (तुमचं पॅकेज ज्यांवर अवलंबून आहे त्या लायब्ररींच्या) आवृत्त्या छापा. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर हेच करा.

तिसरी पोकळ जागा म्हणजे टेस्ट नक्की कोणता कोड उचलतात. पॅकेजचा फोल्डर रेपोच्या मुळाशी असेल तर 'पायथन -एम पायटेस्ट' चालू डिरेक्टरीतला सोर्स इम्पोर्ट करतं, बसवलेलं पॅकेज नव्हे. व्हीलमध्ये (बसवायला तयार पॅकेज-फाइल) एखादी जेसन किंवा टेम्प्लेट फाइल जायची राहिली तरी टेस्ट पास होतात, कारण ती फाइल शेजारीच पडलेली असते. कोड 'एसआरसी' फोल्डरमध्ये हलवा, एका जॉबमध्ये व्हील बांधा, आर्टिफॅक्ट म्हणून चढवा आणि बाकी जॉबनी तेच व्हील बसवून टेस्ट चालवाव्यात. एडिटेबल इन्स्टॉल (सोर्स फोल्डरलाच जोडलेलं) डेव्हलपरच्या मशीनवर ठीक, सुसंगतता तपासताना नको.

मॅट्रिक्स किती मोठं ठेवायचं

पाच पायथन, तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिपेन्डन्सींचे दोन संच धरले तर ३० जॉब होतात. प्रत्येक पुल रिक्वेस्टला ३० जॉब लावले की रांग लागते, लोक वाट बघायचं सोडतात, आणि मग लाल जॉबकडेही कोणी बघत नाही. गुणाकार करण्यापेक्षा कडा तपासा. लिनक्सवर पाचही पायथन, नव्या डिपेन्डन्सींसह: ५. लिनक्सवर सर्वांत जुना पायथन, किमान डिपेन्डन्सींसह: १. विंडोजवर सर्वांत जुना आणि सर्वांत नवा: २. मॅकओएसवर सर्वांत नवा: १. येऊ घातलेली पायथन आवृत्ती, अडवणूक न करणारी: १. एकूण १०.

'फेल-फास्ट' मुळात चालू असतं, म्हणजे एक जॉब पडला की बाकीचे रद्द. सुसंगततेच्या मॅट्रिक्समध्ये ते बंदच हवं. फक्त ३.१४ वर फुटलं की ३.१२ पासून पुढे सगळीकडे, हेच तर निदान असतं, आणि फेल-फास्ट नेमकं तेच पुसून टाकतं.

'इन्क्लूड' मध्ये एक फसवी जागा आहे. मॅट्रिक्समध्ये पायथन आणि ओएस हे दोनच अक्ष आहेत. तुम्ही इन्क्लूडमध्ये लिहिता: पायथन ३.१०, ओएस उबंटू, डेप्स लोएस्ट. अपेक्षा सहाव्या जॉबची असते, पण जॉब पाचच राहतात. नियम असा की इन्क्लूडमधली नोंद मूळ अक्षाचं कुठलंही मूल्य बदलत नसेल, तर ती असलेल्या जुळणीतच मिसळते. 'डेप्स' हा मूळ अक्ष नव्हताच, त्यामुळे ३.१० चा नेहमीचा जॉबच किमान डिपेन्डन्सींचा होऊन बसतो, आणि ३.१० वर नव्या डिपेन्डन्सी कोणीच तपासत नाही. 'डेप्स' हा तिसरा अक्ष करा आणि त्यात 'लेटेस्ट' हे एकच मूल्य ठेवा. आता इन्क्लूडमधलं 'लोएस्ट' मूळ मूल्याशी टक्कर घेतं, म्हणून वेगळा जॉब तयार होतो. विंडोज आणि मॅकच्या नोंदींत 'डेप्स' विसरू नका. राहिलं तर तिथे रिकामं मूल्य जातं आणि तुमच्या अटी गुपचूप खोट्या ठरतात.

खालची कड: इथेच बहुतेक तक्रारींचं मूळ असतं

'नमपाय १.२३ पासून पुढे' ही ओळ तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली असते. मधल्या काळात कोडमध्ये नवी फंक्शन्स आली, किमान आकडा तसाच राहिला. सीआय नेहमी सर्वांत नवं नमपाय उतरवतं, म्हणून कधीच कळत नाही.

पिपकडे 'सर्वांत जुनं चालेल ते घे' असा पर्याय नाही. पिपच वापरायचं असेल तर किमान आवृत्त्यांची कन्स्ट्रेंट फाइल हाताने लिहा आणि ती मेटाडेटाशी जुळते का हे तपासणारी छोटी टेस्ट ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत दोन्ही दोन दिशांना जातात. यूव्हीमध्ये 'रिझोल्यूशन' पर्याय आहे. त्याची 'लोएस्ट' आणि 'लोएस्ट-डायरेक्ट' ही दोन मूल्यं दिसायला सारखी, वागायला अगदी वेगळी. 'लोएस्ट' तुमच्या डिपेन्डन्सींच्या डिपेन्डन्सीही तळाला नेतं. त्यांतल्या काहींनी किमान आकडा दिलेलाच नसतो, मग त्यांचं दहा-बारा वर्षांपूर्वीचं पहिलं रिलीज निवडलं जातं आणि ते बांधतानाच पडतं. ती चूक तुमची नसते आणि तुम्ही ती दुरुस्तही करू शकत नाही. सुरुवात 'लोएस्ट-डायरेक्ट' ने करा. ते फक्त तुम्ही जाहीर केलेल्या गोष्टी खाली खेचतं.

पहिल्या रनला जॉब लाल होईल, हे धरूनच चला. बांधणीच पडली तर बहुधा तुमच्याच एखाद्या थेट डिपेन्डन्सीला किमान आकडा नाही. यूव्ही तशी सूचनाही देतं. तो आकडा लिहा. टेस्टची साधनं त्याच आदेशात बसवत असाल तर तीही तळाला जातात, म्हणून पायटेस्टलाही किमान आकडा लागतो. बांधणी झाली पण टेस्ट पडल्या, तर तुमचा दावाच खोटा होता. १.२३ वर पडलं तर १.२४ लावून बघा, मग १.२५, आणि जिथे सगळं पास होईल तो आकडा मेटाडेटात लिहा. जुन्या आवृत्तीसाठी कोडमध्ये वळसे घालायचे की आकडा वर न्यायचा, यात आकडा वर नेणं जवळपास नेहमीच शहाणपणाचं. वैज्ञानिक पायथनमधले प्रकल्प 'स्पेक ०' नावाचा संकेत पाळतात: पायथनची आवृत्ती रिलीजनंतर ३ वर्षांनी आणि मुख्य डिपेन्डन्सीची २ वर्षांनी सोडायची. स्वतःचं धोरण नसेल तर तोच उचला.

हा जॉब फक्त सर्वांत जुन्या पायथनवर चालवा. पायथन ३.१२ ला आधार देणारं पहिलं नमपाय १.२६ आहे. ३.१४ वर १.२३ मागितलं तर तयार व्हील मिळत नाही, सोर्समधून बांधायला जातं आणि पडतं. ती जोडी कोणी वापरत नाही, तिच्यासाठी वेळ घालवू नका.

आणि पुन्हा 'यूव्ही रन'. किमान आवृत्त्या व्यवस्थित बसवल्या आणि पुढच्या पायरीत 'यूव्ही रन पायटेस्ट' लिहिलं, तर यूव्ही टेस्टच्या आधी एन्व्हायर्नमेंट लॉक फाइलशी (नेमक्या आवृत्त्या नोंदवलेली फाइल) जुळवून घेतं. म्हणजे तुम्ही बसवलेलं नमपाय १.२३ काढून लॉकमधलं नवं परत बसवतं. जॉबचं नाव 'लोएस्ट', चालतंय लेटेस्ट. 'नो-सिंक' पर्याय द्या, किंवा त्या एन्व्हायर्नमेंटमधला पायथन थेट हाक मारून पायटेस्ट चालवा. आवृत्त्या छापणारी पायरी टेस्टच्याच आदेशपद्धतीने चालवायची ती यासाठीच. वेगळ्या पद्धतीने छापलेला आकडा तुम्हाला खोटी खात्री देईल.

विंडोज आणि देवनागरी

मराठी मजकूर हाताळणाऱ्या पॅकेजला विंडोज जॉब ऐच्छिक नाही. पायथन ३.१४ पर्यंत 'ओपन' ला एन्कोडिंग दिलं नाही तर विंडोजवर सिस्टिमचं कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) लागतं, आणि गिटहबच्या विंडोज रनरवर ते सीपी१२५२ असतं. लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८, म्हणून तिथे काहीच दिसत नाही.

आता दोन गावांची नावं घ्या. यूटीएफ-८ फाइलमध्ये 'पुणे' लिहिलंय. 'प' चे तीन बाइट, मग उकाराचे तीन, आणि त्या उकाराचा शेवटचा बाइट हेक्स ८१. सीपी१२५२ मध्ये ८१ या जागी कुठलंही अक्षर नाही, त्यामुळे स्थान ५ वर डीकोड एरर येते आणि टेस्ट पडते. चांगलं झालं. पण फाइलमध्ये 'सातारा' असेल तर? त्यातल्या सहा चिन्हांच्या अठराही बाइटना सीपी१२५२ मध्ये काही ना काही अक्षर आहे. एरर येतच नाही. सहा चिन्हांची स्ट्रिंग अठरा कचरा-अक्षरांची होऊन पुढे जाते आणि डेटाबेसपर्यंत पोहोचते. 'नाशिक' चं तेच. ऱ्हस्व उकार, हलन्त, ए, ऐ, झ, चंद्रबिंदू यांसारखं काही मजकुरात असेल तरच एरर हमखास येते.

म्हणून नमुना फाइलमध्ये दोन्ही प्रकारची नावं ठेवा. आणि टेस्टने फाइल 'उघडली' एवढ्यावर समाधान मानू नये, वाचलेली स्ट्रिंग अपेक्षित स्ट्रिंगशी अक्षरशः जुळवावी. सीआयमध्ये 'पायथनयूटीएफ८' व्हेरिएबल १ करून हा प्रश्न मिटवू नका. त्याने तुमचा जॉब हिरवा होतो, वापरणाऱ्याच्या मशीनवर ते व्हेरिएबल नसतंच. उलट लिनक्सच्या एका जॉबमध्ये 'पायथनवॉर्नडिफॉल्टएन्कोडिंग' १ करा आणि एन्कोडिंग वॉर्निंगला एरर माना. ही सोय ३.१० पासून आहे, आणि एन्कोडिंग न दिलेली प्रत्येक जागा ती लिनक्सवरच पकडून देते. ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मुळात लागणार आहे, पण ३.१० ते ३.१४ वापरणारे पुढची काही वर्षं राहतीलच.

विंडोजच्या बाकी दोन गोष्टी थोडक्यात. 'झोनइन्फो' ला लागणारा टाइमझोन डेटा विंडोज पुरवत नाही, त्यामुळे 'आशिया/कोलकाता' मागितलं की सापडत नाही असं उत्तर येतं. 'टीझेडडेटा' पॅकेज फक्त विंडोजसाठीची डिपेन्डन्सी म्हणून जाहीर करा. आणि नमुना फाइलींच्या ओळींचे शेवट गिटने बदलू नयेत म्हणून 'गिटॲट्रिब्यूट्स' मध्ये त्या एलएफवर बांधून ठेवा.

टाइमझोनचा विषय निघालाच आहे, तर हेही बघा: रनर यूटीसीवर चालतो. 'आजची तारीख' वापरणारी टेस्ट भारतीय वेळेनुसार मध्यरात्र ते पहाटे ५:३० या काळात कालची तारीख पाहते. रात्री उशिरा पाठवलेल्या पुल रिक्वेस्टच लाल होतात आणि सकाळी पुन्हा चालवल्या की हिरव्या, असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका.

हिरवं, जे हिरवं नसतं

विंडोज रनरवर शेल न सांगितलं तर पॉवरशेल लागतं. एका पायरीत दोन आदेश आहेत, पायटेस्ट आणि त्याखाली कव्हरेज अहवाल. पायटेस्ट पडलं तरी पॉवरशेल थांबत नाही, आणि शेवटच्या आदेशाचा एक्झिट कोड ० असला की पायरी पास. सगळ्या वर्कफ्लोसाठी 'डिफॉल्ट्स' मध्ये शेल म्हणून बॅश लिहा. याने लिनक्सवरही एक भोक बुजतं. शेल न लिहिता चालणाऱ्या बॅशला 'पाइपफेल' (पाइपमधला कुठलाही आदेश पडला की सगळं पडलं असं धरणारी सोय) नसतं, म्हणून पायटेस्टचं आउटपुट 'टी' कडे पाइप केलं की पायटेस्टचं अपयश गिळलं जातं. बॅश असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल चालू होतं.

पायटेस्टमधले स्किपही तपासा. 'इम्पोर्टऑरस्किप' वापरलं असेल आणि एखाद्या जॉबमध्ये ऐच्छिक डिपेन्डन्सी बसलीच नाही, तर अख्खी फाइल गळते. '-आरएस' पर्यायाने स्किपची कारणं लॉगमध्ये येतात. ज्या जॉबमध्ये काहीही स्किप व्हायला नको, तिथे त्या लायब्ररींचं इम्पोर्ट आधीच्या पायरीत करून घ्या.

मर्जसाठी सक्तीचे चेक मॅट्रिक्सच्या जॉबवर थेट लावू नका. पायथन ३.१० काढून ३.१५ घातलं की जॉबचं नाव बदलतं आणि जुन्या नावाची वाट बघत पुल रिक्वेस्ट अडकून राहते. शेवटी एकच निकाल-जॉब ठेवा, 'नीड्स' मध्ये सगळे जॉब, आणि सक्ती फक्त त्याच्यावर. मात्र नुसतं एवढं केलं तर भलतंच होतं: मॅट्रिक्स पडलं की निकाल-जॉब 'स्किप' होतो, आणि स्किप झालेला सक्तीचा चेक गिटहब पास धरतं. लाल मॅट्रिक्ससकट मर्ज होतं. त्या जॉबला 'इफ ऑलवेज' ची अट द्या आणि आत प्रत्येक जॉबचा निकाल 'सक्सेस' आहे का ते स्वतः तपासा. 'स्किप्ड' किंवा 'कॅन्सल्ड' असेल तर एक्झिट १.

वरची कड आणि रात्रीचा जॉब

तुम्ही एकही कमिट केली नाही तरी पॅकेज फुटू शकतं, कारण डिपेन्डन्सींची रिलीजं तुमच्या वेळापत्रकाने होत नाहीत. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा १.एक्सवर बांधलेली सी एक्स्टेन्शन त्याच्याबरोबर चालेनाशी झाली. वरचा आकडा बांधून टाकणं, म्हणजे 'नमपाय २ पेक्षा कमी' असं लिहिणं, लायब्ररीसाठी शेवटचा उपाय ठेवा. वापरणाऱ्याच्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजला नवं नमपाय हवं असतं आणि दोघांच्या भांडणात त्याचं इन्स्टॉलच अडतं.

त्याऐवजी इशारे ऐका. 'एनपी.फ्लोट' हे नाव १.२० मध्ये, जानेवारी २०२१ ला, जुनं ठरवलं गेलं आणि १.२४ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, काढलं. जवळजवळ दोन वर्षं प्रत्येक टेस्ट रनमध्ये वॉर्निंग छापली जात होती. सर्वांत नव्या पायथनच्या जॉबमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंगला एरर माना. तिसऱ्याच लायब्ररीच्या आतून येणारी वॉर्निंग असेल तर तेवढा अपवाद नावासकट लिहा, आणि तो सर्वसाधारण नियमाच्या खाली ठेवा, कारण पायटेस्टमध्ये जुळणारा शेवटचा नियम लागू होतो.

रात्रीचा जॉब क्रॉनने लावताना वेळ यूटीसीत लिहायची. सोमवारी पहाटे २:४७ ला हवा असेल तर यूटीसीत तो रविवार २१:१७ होतो, वारही बदलतो. तासाच्या ठोक्यावरची वेळ टाळा, तेव्हा गर्दीमुळे जॉब उशिरा सुटतात. सार्वजनिक रेपोत ६० दिवस हालचाल नसेल तर गिटहब हे वेळापत्रक आपोआप बंद करतं. शांत, स्थिर पॅकेजांच्या बाबतीत हे हमखास घडतं, आणि नेमकी त्यांनाच या जॉबची सर्वांत जास्त गरज असते. तिमाहीत एकदा तो चालू आहे ना ते बघायची नोंद कॅलेंडरमध्ये ठेवा.

रनरच्या नावात 'लेटेस्ट' लिहू नका. 'उबंटू-लेटेस्ट' २२.०४ वरून २४.०४ वर गेलं, 'मॅकओएस-लेटेस्ट' २०२४ मध्ये इंटेलवरून आर्म चिपवर गेलं, आणि दोन्ही वेळा काहीही न बदलता जॉब लाल झाले. आवृत्ती लिहून ठेवा, बदल स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये करा. सी एक्स्टेन्शन असेल तर हे अधिकच लागू: २४.०४ वर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९ आहे, २२.०४ वर २.३५. नव्यावर बांधलेलं जुन्यावर 'ग्लिबसीची आवृत्ती सापडत नाही' म्हणून पडू शकतं. व्हील मेनीलिनक्सच्या (जुन्या ग्लिबसीवर बांधून देणाऱ्या) कंटेनरमध्येच बांधा, आणि अल्पाइन (ग्लिबसीऐवजी मसल वापरणारं लिनक्स) वापरणारे असतील तर मसललिनक्सचं वेगळं व्हील द्या.

एखादी आवृत्ती सोडताना

मॅट्रिक्समधून ३.१० काढलं की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये 'रिक्वायर्स-पायथन' ३.११ वर न्या. पिप हीच ओळ वाचून जुन्या पायथनवाल्याला तुमचं शेवटचं चालणारं रिलीज देतं. ओळ तशीच राहिली तर त्याला नवं रिलीज मिळतं आणि ते फुटतं. चुकीच्या मेटाडेटासह रिलीज गेलंच असेल, तर पायपीआयवर (पायथन पॅकेजांचं सार्वजनिक कोठार) चढलेल्या फाइलचा मेटाडेटा बदलता येत नाही. दुरुस्त आकड्यासह नवं पॅच रिलीज आधी काढा, आणि मग चुकलेलं रिलीज 'यँक' करा, म्हणजे ते आपोआप निवडलं जाऊ नये अशी खूण करा. फक्त नवं रिलीज काढून थांबलात तर ३.१० वरचा पिप नव्याला वगळून नेमका त्या चुकलेल्या रिलीजवरच जाऊन थांबेल. यँक केलेलं रिलीज नेमका आकडा लिहून मागणाऱ्यांना मिळत राहतं, त्यामुळे कोणाची जुनी लॉक फाइल मोडत नाही. डिलीट मात्र करू नका.